केअर व्हिसाला पैसे भरू नकोस, जायचं तर नर्स म्हणूनच जा

तुझा प्रश्न थोडक्यात असा, की जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झालंय, ठाण्यात एका खासगी हॉस्पिटलच्या आयसीयूत चार वर्षं काढलीस, राहायला कळव्याला, मिस्टर रबाळ्याला कंपनीत, मुलगी तीन वर्षांची, आणि वाशीतला एक एजंट म्हणतोय की नऊ लाख भरा, सहा महिन्यांत यूकेचा केअर व्हिसा (म्हाताऱ्या-आजारी माणसांची देखभाल करणाऱ्या केअर वर्करचा) काढून देतो, ते नको असेल तर जर्मनी, तिथली भाषा गेल्यावर शिकता येते. तर पैसे भरू का, आणि नाही भरायचे तर कुठला देश धरू.

पैसे भरू नकोस. फाइल ओपनिंगचे म्हणून वीस हजार मागितले तरी ते पण देऊ नकोस. का ते नीट लिहिते, कारण तुझ्यासारख्याच चांगल्या हाताच्या मुली यात अडकलेल्या मी बघितल्यात आणि मला त्याचा खरंच त्रास होतो. मी स्वतः ठाण्यात आयसीयू केलं, मग सौदी, मग इंग्लंडमध्ये मेडिकल वॉर्डला बरीच वर्षं, आता ऐरोलीला परत आलेय आणि बाहेर जाणाऱ्या मुलींची ओएससीईची, म्हणजे यूकेत नर्स म्हणून रजिस्टर व्हायच्या प्रात्यक्षिक परीक्षेची, तयारी करून घेते, त्यामुळे या फाइली रोज डोळ्याखालून जातात.

आधी त्या केअर व्हिसाचं. यूकेने २२ जुलै २०२५ पासून केअर वर्करची बाहेरच्या देशांतून नवीन भरती बंद केलीय. बंद म्हणजे इथून ठाण्यातून त्या व्हिसावर आता जाताच येत नाही. म्हणजे तो माणूस तुला जे विकतोय ते दुकानातच नाहीये. आणि त्याच्या आधी, ११ मार्च २०२४ पासूनच केअर वर्करला नवरा आणि मूल सोबत न्यायची परवानगी काढून घेतली होती, म्हणजे तो जुना व्हिसा मिळाला असता तरी तुला मुलीला इथे ठेवूनच जावं लागलं असतं. हे त्याने तुला सांगितलं का? नसणारच सांगितलं.

आणि समजा व्हिसा चालू असता तरी मी नकोच म्हटलं असतं. केअररच्या व्हिसावर गेलेल्या नर्सेसचं काय झालं ते ऐक. घरोघरी जाऊन म्हाताऱ्या माणसांची आंघोळ, जेवण, औषधाची आठवण असं काम, मध्ये प्रवासाचे पैसे नाहीत, गाडी स्वतःची हवी, कित्येकींना कबूल केलेले तास मिळालेच नाहीत, आणि कंपनीचं स्पॉन्सर लायसन्स (बाहेरून माणसं आणायचा परवाना) गेलं की साठ दिवसांत दुसरा स्पॉन्सर शोधा नाहीतर परत या. हे काम कमी दर्जाचं आहे असं मी अजिबात म्हणत नाही, माणसाला स्वच्छ ठेवणं हे आपल्या कामाचं मूळच आहे. पण ते नर्सिंगचा अनुभव म्हणून धरत नाहीत. दोन-तीन वर्षं गेली की तुझ्या आयसीयूच्या अनुभवापुढे गॅप उभी राहते, आणि मग गल्फवाले विचारतात, नर्सिंग कौन्सिल विचारते, मधली वर्षं कुठे होतात. नऊ लाख भरून स्वतःचं नर्सपण घालवायचं, हे मला कुठल्याच हिशोबात बसत नाही.

म्हणून देश कुठलाही असो, समोरच्याला एकच प्रश्न विचारायचा, की मी तिथे उतरल्यावर कुठल्या कौन्सिलचं रजिस्ट्रेशन मला मिळणार, कधीपर्यंत, आणि त्यासाठी कुठली परीक्षा. याचं सरळ उत्तर आलं तर पुढे बोल. 'आधी पोहोचा, मग बघू' असं आलं तर चहा पिऊन उठ. सुरुवातीचे काही महिने असिस्टंट म्हणून काम करावं लागणं हे वेगळं, ते यूकेत पण आहे, जर्मनीत पण आहे, पण तिथे परीक्षेची तारीख आणि पुढचा पगार आधीच कागदावर लिहिलेला असतो.

आता देश. इथे मी सगळ्या देशांचा तक्ता मांडत बसणार नाही, तुझ्यापुरतं सांगते.

अमेरिका आत्ता बाजूला ठेव. एनक्लेक्स, म्हणजे तिथली नर्सिंगची लायसन्स परीक्षा, देता येते, मुंबईत सेंटर आहे, ८५ ते १५० प्रश्नांची परीक्षा आहे आणि आयसीयूवाल्या मुली पास होतात, प्रश्न परीक्षेचा नाहीच. प्रश्न ग्रीन कार्डच्या रांगेचा आहे. नर्सेस ज्या ईबी-३ या गटातून जातात त्यात भारतात जन्मलेल्यांची रांग दहा वर्षांच्या वर गेलीय. ऑस्ट्रेलियाला इथून थेट जायचं तर डिग्रीच्या बरोबरीचं शिक्षण बघतात, नुसत्या जीएनएमवर अडतं, पोस्ट बेसिक बीएस्सी (जीएनएमनंतरची डिग्री) करायचं मनात असेल तर तो विचार नंतर कर.

गल्फ. ठाणे-नवी मुंबईच्या नर्सेसचा हा जुना रस्ता आणि तुझ्या अनुभवाला सगळ्यात पटकन उघडणारा पण हाच. डेटाफ्लो या कंपनीकडून कागदांची पडताळणी, मग त्या त्या ठिकाणची लायसन्स परीक्षा, दुबईला डीएचए, अबुधाबीला डीओएच, सौदीला सौदी कमिशनची प्रोमेट्रिक. बहुतेक ठिकाणी दोन वर्षांचा अनुभव मागतात, तुझ्याकडे चार आहेत. इंकम टॅक्स नाही, राहायची सोय बऱ्याचदा हॉस्पिटलची, त्यामुळे पैसे साठतात हे खरंय. पण सौदीला एकटीच्या कॉन्ट्रॅक्टवर जायचं असेल तर तीन वर्षांच्या मुलीला ठेवून राहणं तुला झेपेल का हे तूच ठरव, मी तिथे हॉस्टेलमध्ये रात्री व्हिडिओ कॉलवर मुलांना झोपवणाऱ्या आया बघितल्यात आणि त्यातल्या काही जणी दुसऱ्याच वर्षी परत आल्या. यात कोणाचं चूक-बरोबर नाही, फक्त हा विचार आधी झालेला बरा.

गल्फबद्दल एक गोष्ट पक्की लक्षात ठेव. २०१५ पासून नर्सेसना ईसीआर देशांत (गल्फसकट, जिथे नोकरीला जायला आपल्या सरकारची परवानगी लागते) नोकरीसाठी जाताना ई-मायग्रेट या सरकारी साइटवरून एमिग्रेशन क्लिअरन्स लागतो, तुझा पासपोर्ट ईसीएनआर (एरवी ही परवानगी न लागणारा) असला तरी लागतो. त्यामुळे कोणी व्हिजिट व्हिसावर चला, तिथे गेल्यावर बदलून घेऊ म्हणालं तर तो माणूस कितीही ओळखीतला असला तरी नाही म्हणायचं. एजंट खरा आहे का हे बघायला त्याच्या जाहिरातीतला लायसन्स नंबर घे, मुंबईच्या एजंटचा असेल तर त्या नंबरात एमयूएम अशी अक्षरं असतात, तो ई-मायग्रेटच्या साइटवर टाकून बघ, चालू आहे की सस्पेंड. ऑफिसच्या भिंतीवर फ्रेम करून लावलेलं सर्टिफिकेट बघून खूष होऊ नकोस. आणि रजिस्टर्ड एजंटला तुझ्याकडून घेता येणारी सर्व्हिस फी जास्तीत जास्त तीस हजार अधिक जीएसटी आहे. तीस हजार. नऊ लाख नाही. शंका आली तर बीकेसीच्या विदेश भवनात प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्सचं ऑफिस आहे, तिथे जाऊन विचारता येतं, कळव्याहून तासाभराचं काम आहे.

जर्मनी. 'भाषा गेल्यावर' हे साफ खोटं आहे. व्हिसापर्यंत पोहोचायलाच साधारण बी-१ (जर्मन भाषेची मधली पातळी) लागतं आणि तुझ्या डिप्लोम्याला पूर्ण मान्यता मिळायला त्याच्या वरची बी-२. शून्यापासून बी-२ म्हणजे नोकरी सांभाळून दीड वर्ष धर, नोकरी सोडून रोज क्लास केला तर वर्षभर. त्यानंतर तिथे अॅडाप्टेशन कोर्स किंवा नॉलेजची परीक्षा, तोपर्यंत असिस्टंटचा पगार, मग पूर्ण नर्स. चांगल्या भरतीत हा सगळा खर्च, भाषेच्या क्लाससकट, तिकडचं हॉस्पिटल उचलतं, ट्रिपल विन म्हणून जर्मन सरकारी संस्थांचा कार्यक्रम आहे त्यात पण उमेदवाराकडून भरतीचे पैसे घेत नाहीत. महाराष्ट्र सरकारने पण २०२४ मध्ये तिथल्या बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्याशी मनुष्यबळाचा करार केलाय, त्याच्या जाहिरातींवर लक्ष ठेव. भाषेची आवड असेल, घर नवीन देशात रुजवायची दोघांची तयारी असेल तर जर्मनी उत्तम आहे. नुसतं 'यूके बंद झालं म्हणून जर्मनी' असं असेल तर बी-१ च्या व्याकरणातच सोडून देशील, हे मी खूप मुलींच्या बाबतीत बघितलंय.

आणि यूके, रजिस्टर्ड नर्स म्हणून. हा रस्ता बंद नाहीये, पण २०२२ सारखा धो धो पण नाहीये, तेव्हा ट्रस्टवाले (तिथल्या सरकारी हॉस्पिटलचे लोक) इथे येऊन एका दिवसात पन्नास-पन्नास जणींना घेत होते, आता जागा बऱ्याच कमी निघतात आणि आयसीयू, ऑपरेशन थिएटर, डायलिसिस असा स्पेशल अनुभव असलेल्यांना आधी विचारतात. तुझं आयसीयू इथे कामाला येईल. नर्सच्या व्हिसावर नवरा आणि मुलगी सोबत जाऊ शकतात, नवऱ्याला नोकरी करता येते. आणि एनएचएसच्या, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या, भरतीत उमेदवाराकडून पैसे घ्यायला त्यांच्या नियमाने बंदी आहे, म्हणजे पैसे मागितले की तो एनएचएसचा माणूस नाही इतकं सोपं आहे. ऑफर लेटर आलं तर त्यातला 'रिपेमेंट क्लॉज' मात्र वाच, किती वर्षांच्या आत सोडलं तर किती परत द्यायचे ते तिथे असतं, आणि दर महिन्याला ती रक्कम कमी होत जाते की शेवटपर्यंत तेवढीच राहते हे विचारून घे.

तुझं सगळं ऐकून माझं मत असं, की यूके डोक्यात ठेवून तयारी कर, कारण त्याच ओईटीवर (नर्स-डॉक्टरांसाठीची इंग्रजीची परीक्षा) पुढे आयर्लंड पण बघता येतं, आणि काहीच नाही जमलं तर गल्फला इंग्रजी वाया जात नाही. पण कुठलाही देश असला तरी कागद आणि इंग्रजी ही दोन कामं तुला आत्ता, एजंटशिवाय, घरी बसून सुरू करता येतात, आणि खरी गाडी अडते ती इथेच.

कागद. आपल्याकडे नावाचा घोळ सगळ्यात जास्त. दहावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग तुझं नाव, मग वडिलांचं. नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन माहेरच्या नावाने. पासपोर्ट लग्नानंतर काढला म्हणून सासरचं आडनाव आणि मधलं नाव नवऱ्याचं. आधारवर अजून तिसरंच स्पेलिंग. इथे आपल्याला हे कळतं, तिकडच्या कॉम्प्युटरला या तीन वेगळ्या बायका दिसतात. तर पासपोर्टवरचं नाव हे खरं धर आणि बाकी सगळं त्याच्याशी जुळवून घे. मॅरेज सर्टिफिकेट प्रभाग कार्यालयातून इंग्रजी-मराठी असलेलं काढून ठेव, कौन्सिलमध्ये नावबदलाचा अर्ज कर, स्पेलिंगचा फरक मोठा असेल तर महाराष्ट्र राजपत्रात नावबदल छापून घे. याला महिने लागतात, म्हणून पहिलं हे.

कौन्सिलचं रजिस्ट्रेशन रिन्यू आहे का बघ. बऱ्याच जणींचं संपलेलं असतं आणि त्यांना पत्ताच नसतो, मग रिन्यूअलसाठी सीएनईचे (नोकरीत असताना करायच्या प्रशिक्षणाचे) पॉइंट गोळा करत धावपळ. व्हेरिफिकेशन किंवा गुड स्टँडिंग (रजिस्ट्रेशन खरं आणि चालू असल्याचं पत्र) कौन्सिलकडून थेट तिकडे जातं, ते रजिस्ट्रेशन चालू असल्याशिवाय निघतच नाही.

अनुभवाचं पत्र. 'सदर सिस्टर आमच्याकडे कामाला होत्या, वर्तणूक चांगली' असं पत्र घेऊन येतात मुली. हे चालत नाही. पत्रावर तुझं पासपोर्टप्रमाणे नाव, पद रजिस्टर्ड नर्स किंवा स्टाफ नर्स, पूर्णवेळ, आठवड्याचे तास, कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत, डिपार्टमेंट, किती बेडचं हॉस्पिटल, आणि सही करणाऱ्याचा हॉस्पिटलच्या डोमेनचा ईमेल. जीमेल नको, डेटाफ्लोवाले त्या पत्त्यावर मेल पाठवून विचारतात आणि उत्तर नाही आलं तर तुझी फाइल तिथेच पडून राहते. म्हणून नोकरी सोडताना एचआरच्या बाईंशी भांडून निघू नकोस, मॅट्रनला आणि एचआरला आधीच सांगून ठेव की असा मेल येईल. सॅलरी स्लिप आणि बँकेत पगार जमा झालेली पानं पण जपून ठेव, नर्सिंग होममध्ये काही महिने रोख पगारावर काम केलं असेल तर ते दाखवायला फार त्रास होतो.

इंग्रजी. यूकेसाठी ओईटीत बोलणं, ऐकणं, वाचणं यात बी आणि लिहिण्यात सी प्लस लागतो, आयएलटीएस दिलीस तर लिहिण्यात साडेसहा आणि बाकी तिन्हीत सात. नर्सेसनी ओईटीच द्यावी असं माझं मत, कारण त्यात आपल्या ओळखीचे पेशंट असतात. पण अडकतात सगळ्या जणी लिहिण्यातच, आणि ग्रामर हे त्याचं मुख्य कारण नाही. समज केस नोट्समध्ये डायबेटिसचा पेशंट आहे, पायाला जखम, अकरा दिवस अॅडमिट होता, आता डिस्चार्ज, आणि पत्र लिहायचंय कम्युनिटी नर्सला. आपली मुलगी पहिल्या दिवसापासून सुरुवात करते, ताप किती, शुगर किती, कुठलं अँटिबायोटिक, सर्जनने काय म्हटलं, जसं आपण शिफ्ट संपताना ओव्हर देताना सगळं सांगतो तसं. पण त्या कम्युनिटी नर्सला काय हवंय? उद्या सकाळी ती त्याच्या दारात उभी राहणार, तर ड्रेसिंग किती दिवसांनी बदलायचं, कुठल्या प्रकारचं, इन्सुलिन तो स्वतः घेतो की बायको देते, डोळ्याने नीट दिसतं का त्याला, पुढची ओपीडी कधी. एवढंच, १८० ते २०० शब्दांत, आणि पहिल्याच परिच्छेदात 'मी हे पत्र का लिहितेय' ते. हे एकदा डोक्यात बसलं की सी प्लस येतो. वाशी-ठाण्यात क्लासेस भरपूर आहेत, फी भरण्याआधी एकच बघ, तिथली शिक्षिका तुझं पत्र वाचून 'हे वाक्य कोणासाठी' असं विचारते का नुसते स्पेलिंगला लाल गोल करते.

त्याच्या पुढची पायरी सीबीटी, म्हणजे यूकेच्या रजिस्ट्रेशनची पहिली परीक्षा, ती कॉम्प्युटरवर, इथेच मुंबईत, एक भाग आकडेमोडीचा आणि एक नर्सिंगचा, आयसीयूत ड्रिप रेट काढणारीला आकडे जड जाणार नाहीत. मग तिकडे गेल्यावर ओएससीई, दहा स्टेशन्स. फी ७९४ पौंड, बहुतेक ट्रस्ट भरतात.

ओएससीईत आपल्या मुली कुठे अडकतात ते सांगते, कारण ते इथे राहून सुधारता येतं. औषध द्यायचं स्टेशन घे. आपल्याला सवय काय, 'चार नंबरचे काका, गोळी घ्या'. तिथे आधी हात स्वच्छ, मग स्वतःचं नाव सांगायचं, त्यांना काय नावाने हाक मारू विचारायचं, मग त्यांच्या तोंडून नाव आणि जन्मतारीख वदवून ती मनगटावरच्या बँडशी आणि चार्टशी ताडायची, अॅलर्जीचा रकाना वाचायचा आणि तोंडाने पण विचारायचं, मग प्रत्येक औषधाची शेवटची वेळ बघायची. चार्टवर मुद्दाम असं काहीतरी ठेवलेलं असतं, म्हणजे पॅरासिटामॉल दोन तासांपूर्वीच दिलेलं, किंवा पेनिसिलिनची अॅलर्जी आणि खाली अॅमॉक्सिसिलिन लिहिलेलं. तिथे थांबायचं, का थांबले ते पेशंटला सांगायचं, न दिल्याचा कोड टाकून सही करायची आणि डॉक्टरला कळवते म्हणायचं. आपल्याला हे सगळं येतं गं, पण आपण ते मनात करतो. तिथे मनातलं दिसत नाही, बोललं तरच मार्क. तर उद्यापासून तुझ्या आयसीयूतच असं काम करायला लाग, डॉक्टरांनी लिहिलंय म्हणून न देता प्रत्येक वेळी बँड बघून, बोलून. लाज वाटेल आठवडाभर, मग हातात बसेल. आणि पेशंटच्या दृष्टीने ते इथे पण बरोबरच आहे.

तिथल्या कामाबद्दल दोन गोष्टी आधीच मनात घे. इथे बेडपॅनला मावशी असतात, शिफ्टिंगला मामा असतात, जेवण भरवायला पेशंटची सून बसलेली असते. तिथे एचसीए (मदतनीस) असते पण कमी पडते, मग अंग पुसणं, कमोडवर बसवणं, भरवणं हे तू स्वतः करायचं, आणि त्यात तोंड वाकडं करून चालत नाही. दुसरं म्हणजे इथे रोज दहा कॅन्युला लावणारी तू, तिथे गेल्यावर ट्रेनिंग होऊन सही मिळेपर्यंत तुला कॅन्युला लावू देणार नाहीत. खूप जणींना हे फार लागतं, अपमान वाटतो. तो अपमान नसतो, तिथल्या नर्सलाही तेच लागतं.

पैशाचं खरं चित्र. इंग्लंडमध्ये बँड ५ ची (नर्सच्या पहिल्या पगारश्रेणीची) सुरुवात २०२५-२६ ला वर्षाला ३१,०४९ पौंड होती. टॅक्स, नॅशनल इन्शुरन्स, पेन्शन कापून हातात महिन्याला दोन हजारच्या आसपास येतात, नाइट आणि रविवारचे वर. त्यातून घरभाडं लंडनबाहेरसुद्धा मोठा घास घेतं. ओएससीई पास होऊन पिन (रजिस्ट्रेशन नंबर) येईपर्यंत तर पगार याच्याही खाली असतो. एकटीच्या पगारावर तिघांचं भागतं पण साठत नाही, मिस्टरांना काम मिळालं की मग श्वास मोकळा होतो. म्हणून त्यांनी पण इथे असतानाच इंग्रजी बोलायची सवय करावी, रबाळ्यातला मशीनवरचा अनुभव लिहून आणावा, आणि पहिलं वर्ष वेअरहाऊसमध्ये काम करायची मनाची तयारी ठेवावी. कायमचं राहायचा हक्क आत्तापर्यंत पाच वर्षांनी मागता येत होता, २०२५ मध्ये सरकारने तो कालावधी दहा वर्षं करायचा प्रस्ताव मांडलाय, तेव्हा 'पाच वर्षांत पासपोर्ट' असं कोणी सांगत असेल तर त्यावर घराचं प्लॅनिंग करू नका.

मुलीचं तू वेगळं विचारलंयस. सगळं धरून तुला निघायला वर्ष-दीड वर्ष लागेल, तोपर्यंत ती साडेचार-पाचची होईल, आणि इंग्लंडमध्ये त्या वयात सरकारी शाळा सुरू होते, फी नाही, त्यामुळे पाळणाघराचा जो भयंकर खर्च लहान मुलं असणाऱ्यांना पडतो तो तुला फारसा पडणार नाही. पहिले तीन-चार महिने, ओएससीई होईपर्यंत, तू एकटी जा. तिला आणि मिस्टरांना पिन हातात आल्यावर बोलव, तेवढे दिवस सासूबाईंना किंवा तुझ्या आईला कळव्याला राहायला येता येईल का हे आत्ताच बोलून ठेव. आणि तिचा पासपोर्ट तुझ्यासोबतच काढायला टाक, वागळे इस्टेटच्या पासपोर्ट केंद्रात तिघांच्या अपॉइंटमेंट एकाच दिवशी मिळाल्या तर तुझी एक सुट्टी वाचेल. जाण्याआधी तिच्या जन्मदाखल्यावर आईचं नाव पासपोर्टवर आहे तसंच आहे ना, एवढं बघून घे.